लोळ्या हत्तीचं बारसं

फार पूर्वीची गोष्ट. एका गावात एक आत्या राहत होती. खरं पाहिलं तर ती एकाच मुलीची आत्या होती, तिच्या भावाच्या गोदूची. पण सारा गाव तिला आत्याच म्हणायचा. पोरं म्हणायची, बायका म्हणायच्या, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेले देवळातले गुरवसुद्धा तिला 'आत्या' अशीच हाक मारायचे.

त्याचं कारण असं. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचं आणि नाव सांगायचं, हे काम आत्याचं. आणि ती नाव सांगत असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालायचे, हाही रिवाज. पण ज्या बाळाला आत्याच नाही, त्यानं काय करायचं? कुणाची आत्या लांबच्या गावी दिलेली, कुणाची मानपानावरून रुसलेली, कुणाच्या बापाला मुळात बहीणच नाही. अशा वेळी गावात एकच निरोप जायचा, "आत्याला बोलवा!" मग ती हातातलं काम टाकून, पदर खोचून यायची, वाकायची, नाव सांगायची आणि गुद्दे खायची. गावातल्या निम्म्या पोरांची नावं तिनं ठेवलेली होती. त्याबद्दल तिला एक खण आणि नारळ मिळायचा, पाठ ठणकायची, आणि तरीही घरी जाताना ती गाणं गुणगुणत जायची.

पोटासाठी आत्या हलवा करायची. कढईत ढवळायचा तो शिरा नव्हे हं. संक्रांतीला वाटतात तो पांढराशुभ्र, काटेरी, तिळाचा हलवा. कल्हई केलेल्या परातीत तीळ घ्यायचे, परात मंद शेगडीवर ठेवायची, वर चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत बसायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर, पुन्हा फिरवणं. कितीतरी दिवस असं बसलं की हळूहळू तिळाला काटा फुटू लागतो. घाई केली की काटा मोडतो. त्या हलव्याचे ती हार करी, मुकुट करी, बाजूबंद करी, आणि आसपासच्या गावांतली बाळं संक्रांतीला तिचे दागिने घालून मिरवत. त्या चार दिवसांच्या कमाईवर आत्याची वर्षाची भाकरी निघायची.

पण यंदा आत्यापुढे मोठी अडचण होती. तिची परात म्हातारी झाली होती. मधोमध झिजून पातळ झाली होती, आणि तिथं टेकला की हलवा करपायचा. करपलेला तपकिरी हलवा कोण घेणार? नवी परात नाही, तर यंदा हलवा नाही. हलवा नाही, तर भावाच्या दारात हात पसरण्याची पाळी, आणि आत्याला ते अजिबात खपणारं नव्हतं. म्हणून तिनं वर्षभर पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले होते. ते तिनं कमरेच्या चंचीत ठेवले होते. पदराला वेगळी एक गाठ होती, छोटीशी. त्यात गोदूच्या खेळण्याचे पैसे होते.

गोदूला नुकतं पाचवं लागलं होतं. तिनं आत्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "मला एक हत्ती हवाय. झोपताना पोटाशी धरायला."

एवढीच गोष्ट असती तर काही बिघडलं नसतं. पण मध्ये पाणवठा आला.

पाणवठ्यावर पाटलीणबाई सांगत होत्या, "आमच्या चिंगीला शहरातल्या दुकानातून अस्वल आणलंय. मनाजोगतं बनवून देतात म्हणे तिथं. कापूस आपल्या पसंतीचा, डोळे आपल्या पसंतीचे, कपडे आपल्या पसंतीचे. आमच्या अस्वलाला तर जरीचा फेटा आहे."

सगळ्या बायकांनी 'अगंबाई' म्हणून तोंडावर हात ठेवले. आत्याला काय अवदसा आठवली कोण जाणे! ती घागर काखेला मारत म्हणाली, "माझ्या गोदूचा हत्ती येऊ दे, मग बघा. तोंडात बोटं घालाल!"

बोलून बसली. आता ते निभावणं आलं.

बाजाराच्या दिवशी आत्या गोदूला घेऊन बैलगाडीतून शहरात गेली. दुकान सापडायला वेळ लागला नाही, कारण दुकानाबाहेरच ही गर्दी. दारावर भली मोठी पाटी होती: 'मनाजोगता हत्ती, घोडा, अस्वल. अवघा एक रुपया!'

"बघितलंस? एकच रुपया," आत्या म्हणाली. "पाटलीणबाई उगीच मिरवतात."

आत हातावर हात चोळत दुकानदार उभा होता. गोड बोलणारा, गोल चेहऱ्याचा. त्यानं लगेच समोर एक पितळी ताट मांडलं. "या ताई, या. आमच्या दुकानाची रीत सांगतो. जे जे घ्याल त्याचे पैसे या ताटात टाकायचे. शेवटी खेळण्याचं नाव ठेवायचं. नाव ठेवेपर्यंत काही आवडलं नाही तर काढा, बदला, परत करा, आपली ना नाही. पण एकदा नाव ठेवलं की तो तुमच्या घरचा झाला. मग काही परत नाही."

"रीत चांगली आहे," आत्या म्हणाली.

भिंतीवर दांडीला खेळण्यांच्या रिकाम्या खोळी टांगलेल्या होत्या. गोदू त्यांच्याखालून मान वर करून हिंडली आणि एका हत्तीपाशी थांबली. जाड्याभरड्या राखी कापडाची खोळ होती ती. पोटात काही नव्हतं, त्यामुळे सोंड लुळी पडली होती, कान लोंबत होते, चारही पाय खाली गळाले होते. डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं होती. गोदूनं तो काढून घेतला आणि गळ्यात पंचा टाकावा तसा टाकला.

"आत्या, हा दमलाय गं," ती म्हणाली. "सारखा लोळतोय."

मग तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं आणि स्वतःशीच हसली.

आत्यानं पदराची गाठ सोडली, एक रुपया ताटात टाकला. टण्ण!

"छान निवड आहे बाळाची," दुकानदार म्हणाला. "पण ताई, ही खोळ अगदीच साधी. चार लोकांत न्यायची तर मखमलीची बरी. थोडाच फरक पडतो."

'चार लोकांत' हे शब्द आत्याच्या बरोबर वर्मी लागले. तिला पाणवठा दिसला. "दाखवा मखमल," ती म्हणाली.

दुकानदारानं गोदूच्या गळ्यातली खोळ अलगद ओढून घेतली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. वरून निळ्या मखमलीची झुळझुळीत खोळ काढली. गोदूनं हात पुढे केला, तसा तो म्हणाला, "हं हं, बाळ, हात नको लावूस. डाग पडतो."

मग सुरू झालं. साधा कापूस रुपयातच होता, पण सावरीचा कापूस मऊ, त्याचे वेगळे. बटणाच्या डोळ्यांत चमक नसते, काचेचे घ्या, त्याचे वेगळे. कानाला रेशमी अस्तर, वेगळे. सुळ्यांना चांदीचा वर्ख, वेगळे. पाठीवर झूल, झुलीवर अंबारी. दर वेळी दुकानदार म्हणायचा, "एवढ्याशानं काय होतंय, ताई?" आणि दर वेळी आत्यालाही वाटायचं, खरंच की, एवढ्याशानं काय होतंय! टण्ण, टण्ण, टण्ण.

"आता बूट," दुकानदार म्हणाला.

"हत्ती बूट घालतो होय?"

"साधा हत्ती नाही घालत. मनाजोगता घालतो."

"बरं, द्या एक जोड."

"एक जोड कसा पुरेल, ताई? याला पाय चार."

आत्या विचारात पडली. पुढच्या पायांत बूट आणि मागचे अनवाणी, असा हत्ती गावात न्यायचा तर पाटलीणबाई काय म्हणतील? तिनं दोन जोड घेतले. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की पदराची गाठ केव्हाच रिकामी झाली आहे आणि आपला हात कमरेच्या चंचीत आहे.

तिनं हात चटकन मागं घेतला. पण मन मोठं लबाड असतं, ते लगेच समजूत घालायला पुढे येतं. आत्याच्या मनानं सांगितलं, 'परात थोडी लहान घेऊ.' अंबारीला सोनेरी छत्री बसली, तेव्हा मन म्हणालं, 'तांबटाशी घासाघीस करू.' सोंडेत घुंगूर अडकवले, तेव्हा म्हणालं, 'जुन्या परातीलाच कल्हई करून घेऊ.' आणि दुकानदारानं हत्तीसाठी वाळ्याचा पंखा पुढे केला, तेव्हा तर मनानं कमालच केली. म्हणालं, 'परात मधेच झिजलीय ना? मग हलवा काठाकाठानं करू!'

टेबलावर हत्ती आता असा दिसत होता की राजाच्या मिरवणुकीतून चुकून इकडे आला असावा. आत्या त्याच्याकडे बघून हुरळून गेली. गोदू कुठे आहे, हे तिनं बऱ्याच वेळात पाहिलंही नव्हतं.

"झालं!" दुकानदार म्हणाला. "आता फक्त नाव राहिलं." त्यानं टाळी वाजवली.

आतून एक धिप्पाड माणूस आला. पिळदार मिशा, दंडाला ताईत आणि डोक्यावरून घेतलेला हिरवागार पदर. तो टेबलापाशी येऊन लाजल्यासारखा उभा राहिला.

"हे कोण?" आत्यानं विचारलं.

"ही आमच्या दुकानाची आत्या," दुकानदार म्हणाला. "ही हत्तीच्या कानात कुर्र करणार आणि नाव सांगणार. त्याचे पैसे वेगळे. पाठीत गुद्दे घालायचे असतील, तर गुद्द्यांचे वेगळे."

आत्यानं मिशीवाल्याकडे पाहिलं. मिशीवाल्यानं पदर सावरला. आणि आत्याला असं हसू फुटलं की तिनं टेबलाचा आधारच घेतला. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू आवरेना. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "माझी अख्खी पाठ गुद्दे खाऊन निबर झालीय, आणि मी गुद्द्यांचे पैसे देऊ? बाजूला व्हा, दादा. माझ्या भाचीच्या हत्तीचं नाव मी ठेवणार. गोदू! ये गं, सांग काय ठेवायचं?"

गोदू जवळ नव्हती. आत्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. गोदू टोपलीपाशी बसली होती. टाकून दिलेली राखी खोळ तिनं पुन्हा गळ्यात घातली होती आणि तिची लुळी सोंड ती हळूहळू कुरवाळत होती.

"नाव मी मघाशीच ठेवलंय," गोदू म्हणाली. "लोळ्या."

"वा! मग लोळ्या असं सांगते हं त्याच्या कानात."

"त्याच्या नको," गोदू घाईघाईनं म्हणाली. "तो नाहीये लोळ्या. हा आहे."

"मग वर टेबलावर आहे तो कोण?"

गोदूनं टेबलाच्या कडेवरून डोकं वर काढलं. बूट, झूल, अंबारी, छत्री सगळं नीट पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ते पाहुणे आहेत."

आत्याचं हसू थांबलं.

ती तशीच वाकलेली राहिली. पाहुणे! हत्तीला पोटाशी धरायचं होतं पोरीला, आणि आपण तिच्यासाठी 'अहो-जाहो' करावं लागेल असा पाहुणा मांडून ठेवला. आत्याला स्वतःची फार लाज वाटली. तिला आपली शेगडी आठवली, बोटांखाली फिरणारे तीळ आठवले. तिळाला काटा कुणाला वरून चिकटवता आला असता, तर ती अशी दिवसदिवस कशाला बसली असती? तो हाताखालीच फुटावा लागतो. आणि या निळ्या हत्तीत गोदूच्या हाताला करायला काही उरलंच नव्हतं. सगळं दुकानानं करून टाकलं होतं, नावसुद्धा द्यायला निघालं होतं.

पण पाणवठाही डोळ्यांपुढून हलेना. रिकाम्या हातानं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चिंधीचा हत्ती घेऊन गावात जायचं? पाटलीणबाई काय हसतील! आत्यानं एकदा निळ्या हत्तीकडे पाहिलं, एकदा टोपलीपाशी बसलेल्या पोरीकडे. मग ती उभी राहिली आणि पदर खोचला.

"दादा, हे बूट काढा," ती म्हणाली.

"दुसऱ्या रंगाचे दाखवू?"

"नको. चारही काढा. छत्री काढा, अंबारी काढा, झूल, घुंगूर, पंखा, सगळं. मखमल दांडीला लावा परत. आम्ही टोपलीतला हत्ती नेतोय, आणि कापूस भरायचे कष्ट घेऊ नका, तो घरी भरू."

दुकानदाराचा गोल चेहरा लांबट झाला. "अहो ताई, इतकं सगळं केलं, आणि आता..."

"नाव ठेवलंय का अजून?"

रीत त्याचीच होती. त्यानं ताट पुढे सरकवलं. आत्यानं एक रुपया ताटात राहू दिला आणि बाकीचे पैसे चंचीत भरले. चंची पुन्हा कमरेला जड लागली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. दुकानदारानं वाईट मानलं असेल, पण फार नाही. दारात आणखी गिऱ्हाइकं उभी होतीच, आणि काढलेले चारही बूट पुढच्या हत्तीला बसणारच होते.

निघताना मिशीवाला हळूच आत्याजवळ आला. "बाई, तुम्ही खरंच गुद्दे खाता? संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीचा भुगा होतो हो. काय करता तुम्ही?"

"तिळाचं तेल गरम करून लावा," आत्या म्हणाली. "आणि वाकताना श्वास धरून ठेवा."

मिशीवाल्यानं मनापासून हात जोडले.

तिथून दोघी तांबट आळीत गेल्या. ठाणठाण आवाजानं कान बधिर होत होते, आणि त्या आवाजात आत्यानं चांगली जाड बुडाची, लखलखीत कल्हईची परात निवडली. घासाघीसही झाली, पण ती मजेची. घरी येताना गोदू गाडीत त्या परातीतच बसून आली. मांडीवर लोळ्या लोळत होता.

गावच्या पारापाशी गाडी थांबली, आणि आत्याचं धाबं दणाणलं. पाणवठ्यावरच्या सगळ्या बायका हत्ती बघायला जमल्या होत्या. पाटलीणबाई पुढे.

गोदूनं मोठ्या अभिमानानं लोळ्याला वर धरलं. त्याची सोंड खाली पडली, मग एक कान पडला.

"हाच का तो?" पाटलीणबाईंनी नाक मुरडलं. "पोटात काहीच नाही गं याच्या!"

बायका खुदुखुदु हसल्या. आत्याचं तोंड उतरलं.

गोदूला मात्र काहीच झालं नव्हतं. ती परातीत उभी राहिली आणि म्हणाली, "पोट भरायचंय अजून. मग बारसं आहे. भोगीच्या दिवशी. सगळ्यांनी यायचं. आत्या नाव ठेवणार आहे." मग आत्याच्या कानाशी येऊन तिनं बजावलं, "तोवर कुणाला सांगू नकोस हं नाव."

आता बारसं म्हटल्यावर आत्याचं उतरलेलं तोंड किती वेळ तसंच राहणार? तिला कामाची आठवण झाली.

गोदूच्या आईनं जुन्या गादीतला कापूस पिंजून दिला. गोदू स्वतः मूठ मूठ कापूस लोळ्याच्या पोटात कोंबत होती. आत्या सुई घेऊन वाट बघत बसली. निम्मं पोट भरल्यावर गोदू म्हणाली, "बास."

"अगं, अजून निम्मा रिकामा आहे."

"मग तो लोळेल कसा?"

हे आत्याला पटलं. तिनं पोट शिवून टाकलं. टाके वाकडेतिकडे आले, कारण अर्धे गोदूनं घातले होते.

मग आत्या नव्या परातीपुढे बसली. मंद निखारे, चमचाभर पाक, बोटांची टोकं. परात अशी सुरेख तापायची की एक तीळ करपेना. हलवा मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा झाला, काटा तर असा फुटला की आत्यानं स्वतःच दोन वेळा कौतुकानं मान डोलावली. गिऱ्हाइकांचे दागिने झाले, आणि शेवटचा घाणा तिनं लोळ्यासाठी ठेवला. हत्तीचे दागिने तिनं आजवर कधी केले नव्हते. सोंडेची माळ केवढी करायची? कानात काय घालायचं? गोदू शेजारी बसून मापं देत होती, म्हणजे लोळ्याला पुढे धरत होती, आणि लोळ्या दर वेळी पडत होता.

भोगीच्या दिवशी माळ्यावरून गोदूचा जुना पाळणा उतरवला. त्यात काळ्या खणावर लोळ्याला निजवलं. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, सोंडेला माळ, चारही पायांत हलव्याचे तोडे. काळ्या खणावर ते पांढरे दागिने असे खुलून दिसत होते की बायका आल्या आल्याच ओणव्या होऊन बघायला लागल्या. दारात घुगऱ्यांचं पातेलं ठेवलं होतं, आणि गावातली झाडून सारी पोरं त्याच्याभोवती होती.

"पण काय गं," एक आजीबाई म्हणाल्या, "ही गोदू याची आई. मग तू याची आत्या कशी? नातं कुठं जुळतंय?"

"मी कुणाची आत्या नाही ते सांगा," आत्या म्हणाली, आणि पाळण्यात वाकली. श्वास धरला. "कुर्रर्र! लोळ्या!"

धप धप धप! गुद्द्यांचा पाऊस पडला, आणि गोदूनं एवढ्या मोठ्यानं टाळ्या वाजवल्या की बाहेरचा बैल दचकला.

टाळ्या थांबल्या तेव्हा पाळण्यापाशी पाटलांची चिंगी उभी होती. ती मधेच घरी पळाली होती आणि आता दोन्ही हातांत अस्वल धरून आली होती. अस्वलाचा जरीचा फेटा तिरका झाला होता.

"आत्या, याचं नाव दुकानात ठेवलंय," ती म्हणाली. "मिशीवाल्या माणसानं. तुम्ही परत ठेवाल का?"

"ठेवते की. तू काय म्हणतेस याला?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "हा कपाटात असतो. हात लावला तर डाग पडतो ना."

सगळ्यांनी पाटलीणबाईंकडे पाहिलं. पाटलीणबाईंचा चेहरा लाल झाला. आत्याच्या मनात आलं, आता काहीतरी लागट बोलावं, संधी बरी आहे. पण दुकानातलं ताट तिच्या अजून नीट लक्षात होतं. ती म्हणाली, "पाटलीणबाई, मीसुद्धा चार बूट घेतले होते हो. हत्तीला!"

पाटलीणबाईंनी आधी डोळे मोठे केले. मग त्यांना हसू आलं. त्या पुढे झाल्या, अस्वलाचा फेटा स्वतःच्या हातानं सोडला आणि अस्वल चिंगीच्या कुशीत दाबून दिलं. "पडू देत डाग," त्या म्हणाल्या. "सांग, काय ठेवायचं?"

चिंगीनं अस्वलाच्या पोटात नाक खुपसलं, हुंगलं आणि म्हणाली, "गुबडू."

आत्या वाकली. "कुर्रर्र! गुबडू!" आणि या वेळचा पहिला गुद्दा पाटलीणबाईंनी घातला. तो असा दणदणीत होता की आत्याच्या लक्षात आलं, ही पाणवठ्यावरची बाकी आज फिटली.

मग काय विचारता! पोरं घरोघर पळाली. कुणी मातीचा बैल आणला, कुणी लाकडी बाहुली, कुणी चिंध्यांचा ससा, एकानं तर नुसता गुळगुळीत दगड आणला आणि तो कासव आहे असं सांगितलं. सगळ्यांना नावं हवी होती आणि ती आत्याकडूनच हवी होती. आत्या वाकत होती, कुर्र करत होती, गुद्दे खात होती आणि हसत होती. दगडाचं नाव हळूबाई ठेवलं.

या गडबडीत पाळण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा मुकुट नव्हता, हार नव्हता, तोडे नव्हते. पोरांनी लोळ्याचे सगळे दागिने खाऊन टाकले होते. सोंडेला नुसता दोरा लोंबत होता, आणि गोदूच्या गालाला साखर लागली होती.

"अगं, तूसुद्धा?" आत्या म्हणाली.

"लोळ्याच म्हणाला खा," गोदू म्हणाली.

दागिने उतरले आणि लोळ्या होता तसा झाला. राखी, जाडाभरडा, वाकड्या टाक्यांचा. आणि तरी त्या दिवशी पाळण्याभोवतीच्या प्रत्येक पोराला त्याला एकदा तरी घ्यायचं होतं.

सगळे गेल्यावर आत्या ओटीवर हाशहुश करत बसली. पाठ कशाला टेकवावी तर भिंतही टोचत होती. गोदूनं ते पाहिलं. ती लोळ्याला घेऊन आली आणि आत्याच्या पाठीमागे नीट बसवून म्हणाली, "टेक आता."

आत्या टेकली. अर्धा रिकामा हत्ती तिच्या पाठीला बरोबर बसला, जिथं खोल हवं तिथं खोल आणि जिथं मऊ हवं तिथं मऊ. सावरीचा कापूस गच्च भरलेल्या हत्तीला हे जमलं नसतं, असं आत्या पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत असे.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: लेकरासाठी खेळणं जरूर घ्यावं, पण ते दुकानातच पुरं करून आणू नये. लेकराच्या हातांना, लाडाला आणि त्याच्या मनातल्या नावाला त्यात थोडी जागा रिकामी ठेवावी. त्या जागेत जे भरतं, ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.